हॅटरसचे दीपगृह भिंतीने वाचले नसते

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरस दीपगृहाबद्दल एक मजकूर बराच फिरतो आहे. 129 वर्षे उभा असलेला बुरूज 1999 मध्ये उगाच हलवला, समुद्राच्या बाजूने भिंत घातली असती तरी भागले असते, एवढी वीट उचलताना तडे गेलेच असणार आणि जागा बदलल्यावर वारसा कसला, असे त्यात म्हटले आहे.

‘129 वर्षे टिकला’ हे खरे. पण 1870 मध्ये समुद्र सुमारे 1500 फूट दूर होता आणि 1970 मध्ये जेमतेम 120 फुटांवर आला होता. शिवाय वादळाची लाट बुरुजाला ढकलून पाडेल, ही मुख्य भीती नव्हतीच. बुरूज उभा होता पाइन लाकडाच्या जाळीवर, जमिनीखालच्या गोड्या पाण्यात बुडालेल्या. हवा लागत नाही तोवर असे लाकूड कुजत नाही. लाटांनी वाळू ओढून नेली की जाळी उघडी पडते, खारे पाणी शिरते, लाकूड पोखरणारे सागरी जीव येतात. मग पाया एका बाजूने खचतो. सुमारे 200 फूट उंच बुरुजाला तेवढे पुरते.

भिंतीवर आपटलेली लाट खाली वळते आणि भिंतीच्याच पायथ्याची वाळू उकरते. दोन्ही टोकांना किनारा मागे सरकतच राहतो, म्हणजे काही वर्षांत दीपगृहाचे बेट होणार. किनाऱ्यापासून समुद्रात शिरणारे आडवे बांध घालून पाहिलेच होते, एक नव्हे तीन. वाहत आलेली वाळू बांधाच्या एका बाजूला अडते, पलीकडचा किनारा उपाशी राहतो. वरून वाळूही ओतली होती; समुद्राने ती नेली.

तड्यांची शंका मात्र रास्त आहे. वजन सुमारे 4800 टन, आणि विटांच्या बांधकामाला दाब सोसतो, ताण नाही. म्हणून तेलाच्या दाबावर भार उचलणारे 100 जॅक तीन गटांत जोडले होते. एका गटातल्या सगळ्या जॅकमध्ये तेलाचा दाब सारखाच, त्यामुळे बुरूज जणू तिवईवर बसला. चार पायांचे टेबल डुगडुगते, तिवई डुगडुगत नाही. इथेही खालची जमीन थोडी वरखाली झाली तरी भार आपोआप वाटला जातो, बुरूज पिळला जात नाही. मग आडव्या जॅकने एका वेळी पाच फूट ढकलायचे, जॅक पुढे सरकवून बसवायचे, पुन्हा ढकलायचे. कलणे आणि हादरे मोजायला बुरुजावर संवेदक होतेच. 2900 फुटांना 23 दिवस लागले. नवा पाया 60 फूट लांब-रुंद, 4 फूट जाड सळईच्या काँक्रीटचा.

जागा बदलल्याने वारसा गेला म्हणावे, तर रखवालदारांची घरे, तेलाची खोली, पाण्याच्या टाक्याही नेल्या आणि पूर्वीच्याच मांडणीत बसवल्या. मूळ लाकडी जाळी मागे राहिली. हे नुकसान खरेच आहे.

खर्च झाला 1 कोटी 18 लाख डॉलर. एकदाच. 9 जुलै 1999 ला बुरूज नव्या जागी पोहोचला, समुद्रापासून 1600 फूट आत. दोन महिन्यांच्या आत डेनिस वादळाने हॅटरस बेटाला दिवसचे दिवस झोडपले आणि तिथला 12 क्रमांकाचा रस्ता तोडून टाकला.