गरज सरो, ऑक्सिमीटर मरो

पुढच्या साथीसाठी आपली तयारी कितपत आहे हे पाहायचे असेल, तर प्रथम कपाटाचा खालचा खण उघडावा आणि एप्रिल २०२१ मध्ये ओळखीच्या औषधविक्रेत्याच्या हातापाया पडून, मागेल ती किंमत देऊन आणलेला ऑक्सिमीटर बाहेर काढावा. त्यातील सेल पाझरून पांढरट थर साचला असेल, तर आपली प्रकृती ठणठणीत आहे असे खुशाल समजावे.

धोका किती, हे आकड्यांवरून ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. रुग्ण ठरावीक दिवसांनी दुप्पट होत जातात, त्यामुळे सुरुवातीचे आकडे हसण्यावारी नेण्याइतके लहान असतात, आणि मृत्यूंचे आकडे तर लागणीच्या दोन-तीन आठवडे मागून येतात. म्हणून शेजारच्या विंगेत रुग्णवाहिका येईपर्यंत थांबणे हेच सुज्ञपणाचे. पुणेकरांनी २००९ मध्ये याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. एप्रिलपासून मेक्सिकोतील स्वाइन फ्लूच्या बातम्या येत होत्या, त्या परदेशच्या म्हणून वाचल्या गेल्या. ३ ऑगस्टला देशातील पहिला मृत्यू पुण्यातच झाला, तेव्हा मास्क पाहता पाहता संपले आणि तोंडाला रुमाल बांधलेली माणसे नायडू रुग्णालयासमोर तासन्‌तास रांगेत उभी राहिली. आपण निरोगी आहोत याची खात्री आजाऱ्यांना खेटून करून घेण्याची ही पद्धत जतन करण्याजोगी आहे.

भय बाळगायचेच, तर जे धुता येते त्याचे बाळगावे. २०२० मध्ये आपण दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात बुचकळल्या, वर्तमानपत्राला इस्त्री केली, भाजी सोड्यात इतकी भिजवली की कोथिंबिरीने प्राण सोडला (आमच्या घरातील ती पहिली जीवितहानी), आणि पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच स्वच्छ हातांनी बंद खिडक्यांच्या वातानुकूलित कार्यालयात अक्षता टाकल्या. विषाणू मुख्यतः कोंदट जागेतील श्वासावाटे पसरतो हे खरे. पण हवा धुता येत नाही, तेव्हा तिची धास्ती कशाला घ्यावी?

लसीच्या बाबतीत तर पंचांग पाहूनच वागावे. १६ जानेवारी २०२१ पासून ती दिली जाऊ लागली, तेव्हा ‘आधी इतरांचे काय होते ते पाहू’ म्हणावे. मे महिन्यात ती मिळेनाशी झाली की मोबाइलवर बोट टेकवून स्लॉटची वाट पाहावी. आणि जुलै २०२२ मध्ये सरकारने वर्धक मात्रा ७५ दिवस फुकट दिली, तेव्हा सवड नव्हती असे सांगावे.

सरकारकडूनही तयारीची अपेक्षा ठेवू नये. पूल बांधला तर फीत कापता येते; न आलेल्या रुग्णाला हार कसा घालणार? तयारी चोख असल्यामुळे साथ आटोक्यात राहिली, तर ‘उगाच पैसे उधळले’ असे सर्वांत आधी आपणच म्हणणार. २७ डिसेंबर २०२२ रोजी देशभरातील रुग्णालयांत ऑक्सिजन, खाटा आणि मनुष्यबळ तपासण्यासाठी मॉक ड्रिल झाले, ती बातमी आपण ‘झाले पुन्हा सुरू यांचे’ असे पुटपुटत उलटली असेलच. पुढच्या खेपेसही पान तेवढ्याच वेगाने उलटावे. राशिभविष्य मागच्या पानावर असते.