निख्याचा गठ्ठा आणि सुध्याचा कांदा

रविवारी रात्री साडेनऊला निख्या खाली आला तो खांद्यावर गठ्ठा घेऊनच, सुतळीने बांधलेला, स्पर्धा परीक्षेच्या करंटच्या, म्हणजे चालू घडामोडींच्या, मासिकांचा, दोन वर्षांचे अंक, आणि कट्ट्यावर धाडकन आपटून म्हणाला की रद्दीवाला उघडा आहे का बघा रे कोणीतरी. कट्टा म्हणजे आमच्या अभ्यासिकेखालच्या झेरॉक्सवाल्याची पायरी, पुण्यात नवी पेठेत, दुकान आठला बंद होतं मग ती पायरी आमची. तिथे त्यावेळी मी, पल्लवी, सुध्या आणि अण्णा होतो. अण्णा आमच्यात मोठा, तेहतीस वर्षांचा, यूपीएससीचे सगळे अटेम्प्ट संपवून आता महसूल सहायक म्हणून लागलाय पण रविवारी चहाला इकडेच येतो, सवय जात नाही.

सुध्या म्हणाला, "चला, एकदाचा सुटलास. मी आधीपासून सांगतोय त्या मासिकात काही नसतं."

बास, इथून जे सुरू झालं ते पावणेअकरापर्यंत. नंतर रूमवर जाऊन मी थोडं उतरवून काढलं, कारण मला स्वतःलाच या विषयात काय खरं ते चार वर्षं कळलेलं नाहीये.

निख्याचं म्हणणं असं की त्यात सगळं असतं, प्रॉब्लेम तो नाहीच, प्रॉब्लेम हा आहे की ते डोक्यात राहात नाही. बारा अंक वाचायचे, पिवळ्याने एकदा, गुलाबीने एकदा, पूर्वपरीक्षेच्या आधी परत एकदा, आणि पेपर हातात आला की चार ऑप्शन चारही ओळखीचे वाटतात. यूपीएससीत दोन मार्कांच्या प्रश्नाला चुकलं की ०.६६ जातात आणि ओळखीचं वाटतंय म्हणून मारलेले गोळे सगळ्यात जास्त घात करतात हे मी पण अनुभवलंय, माझा एक अटेम्प्ट दीड-दोन मार्कांनीच गेला.

पल्लवी म्हणाली, "अरे पण ते तसं विचारतच नाहीत ना. मासिकात काय लिहिलेलं असतं? ३ ऑक्टोबर २०२४, मराठीला अभिजात दर्जा, सोबत पाली, प्राकृत, आसामी, बंगाली, आता एकूण अकरा. तू हे पाठ केलंस. बरोबर?"

"पाठ आहे. पहिली तमिळ, २००४."

"हां. आता मी विचारते, या अकराच्या अकरा भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे भाषांच्या यादीत, आहेत का?"

निख्या थांबला. मी पण थांबलो, खोटं कशाला बोलू. पाली आणि प्राकृत आठव्या परिशिष्टात नाहीत. आणि अभिजात दर्जा घटनेच्या कुठल्याच कलमात नाही, तो सरकारचा निर्णय आहे, निकष सरकारने ठरवलेले. म्हणजे बातमी नुसती खुंटी, प्रश्न टांगला जातो तो पॉलिटीचा, म्हणजे राज्यघटनेचा, आणि आपण खुंटीचा रंग पाठ करत बसतो. तसंच महिला आरक्षणाचं, विधेयक १२८ वं आणि कायदा झाला तो १०६ वी घटनादुरुस्ती, ऑप्शनमधे दोन्ही आकडे टाकले की अर्धा हॉल गेला. जीएसटीला पण तेच झालं होतं, विधेयक १२२ वं, दुरुस्ती १०१ वी.

"पण एमपीएससी विचारते की सरळ," निख्या म्हणाला. हे त्याचं खरंय, एमपीएससीत पुरस्कार-नेमणुका येतात कधीमधी. पण तिथे पण गंमत आहे. महाराष्ट्र भूषण, अशोक सराफ, पुरस्कार २०२३ चा, जाहीर झाला जानेवारी २०२४ मधे. पुढचा राम सुतार, पुरस्कार २०२४ चा, जाहीर मार्च २०२५. एका ओळीत माहिती देणारे वन लायनर पीडीएफ करणारा एक साल लिहितो, मासिकवाला दुसरं, आणि आपण टेलिग्रामवर आन्सर कीवरून भांडत बसतो.

सुध्या इतका वेळ गप्प होता. सुध्या निफाड तालुक्यातला, घरी कांदा. मासिक तो घेत नाही, एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर रोज, अडीच-तीन तास, आणि त्याचा थोडा गर्व पण आहे त्याला. तो म्हणाला, "निख्या, तुझ्या गठ्ठ्यात कांदा काढ बरं. डिसेंबर २०२३."

निख्याने खरंच सुतळी सोडली. पाच मिनिटं शोधाशोध, मोबाईलचा टॉर्च लावून, आणि मिळालं. अर्थव्यवस्था, पान कुठलंतरी, एक ओळ: कांदा निर्यातीवर बंदी, मुदत ३१ मार्च २०२४. पिवळ्याने हायलाईट, वरून गुलाबीने, बाजूला पेनाने स्टार. त्याच्याच हाताचं. आणि निख्या त्या ओळीकडे असा बघत होता की आयुष्यात पहिल्यांदा वाचतोय.

"तारीख काय होती?" सुध्याने विचारलं.

"लिहिलेली नाहीये. डिसेंबरच."

"आठ डिसेंबर. मी सांगू मला का माहितीये? लाल कांदा नुकता निघायला लागलेला. लाल कांदा टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून पाच महिने भावाची वाट बघत बसता येत नाही, काढला की विकायचा. आणि बरोब्बर तेव्हा बंदी. आमचा एक ट्रॅक्टर भरून लासलगावच्या रस्त्याला लागलेला आणि लिलाव बंद. आबांनी फोन केला तेव्हा मी इथे वर डेस्कवर बसून रिझर्व्ह बँकेची मॉनेटरी पॉलिसी वाचत होतो."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग अण्णाने चहाचा ग्लास ठेवला आणि त्याची ती क्लास घेतल्यासारखी पद्धत आहे, त्यात सुरू झाला. म्हणाला की याला जोडायचं कसं ते बघा. ऑगस्ट २०२३ मधे आधी ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ते अर्थ खात्याचं काम, कस्टम्स. मग किमान निर्यात मूल्य, मग बंदी, ते डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, काढतं, वाणिज्य मंत्रालय, १९९२ चा विदेश व्यापार कायदा. बफर स्टॉकसाठी खरेदी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था करतात, पैसा भाव स्थिरीकरण निधीतून, ते ग्राहक व्यवहार खातं. एका कांद्यावर तीन खाती, आणि शेतकऱ्याच्या नावाचं जे खातं आहे ते यातल्या एकाही ठिकाणी नाही. मे २०२४ मधे बंदी उठली पण ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर निर्यात मूल्याची अट ठेवून, सप्टेंबरमधे अट काढली आणि शुल्क २० वर आणलं, १ एप्रिल २०२५ पासून शून्य.

"आणि सुध्या वाचत होता ती मॉनेटरी पॉलिसी तर अगदी शेजारची गोष्ट आहे," पल्लवी मधेच घुसली, "महागाईचं टार्गेट ४ टक्के, वर-खाली २, व्याजदर ठरवणारी कमिटी सहा जणांची. आणि २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या सीपीआयमधे, म्हणजे किरकोळ महागाईच्या निर्देशांकात, खाण्यापिण्याचं वजन ४५.८६. कांदा-टोमॅटो चढला की आकडा चढतो, पण व्याजदर वाढवून कांदा थोडाच उगवतो? मग सरकार निर्यात दाबतं. मुख्य परीक्षेला जीएस तीनच्या, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या, पेपरमधे यावर अख्खं उत्तर होतं."

"जीवनावश्यक वस्तू कायदा राहिला," मी म्हटलं, कारण मला पण काहीतरी बोलायचं होतं. १९५५ चा कायदा, २०२० मधे दुरुस्ती करून कांदा-बटाटा वगैरेंवर साठा मर्यादा फक्त भाव फारच भडकले तरच लावायची असं केलं, आणि २०२१ मधे तिन्ही कृषी कायदे मागे घेतले तेव्हा ही दुरुस्ती पण गेली. लोकांना दोन कायदे आठवतात, तिसरा हा होता ते विसरतात. अण्णाने मान डोलवली, मला उगाच बरं वाटलं.

आता सुध्या एकदम फॉर्मात. म्हणे बघा, म्हणून पेपर वाचा, मासिक म्हणजे गाईड वाचून पास होण्यासारखं आहे.

इथे निख्या तापला, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं जास्त पटलं. तो म्हणाला, "तुझ्या घरी कांदा आहे म्हणून तुला कांदा कळतो. माझ्या घरी शिलाई मशीन आहे. मी बारावीपर्यंत मराठी मीडियम, पुढे बाहेरून बीए, इंग्रजी पेपरचं संपादकीय वाचायला मला पाऊण तास लागतो अजून, आणि वाचून झाल्यावर कळत नाही यातलं परीक्षेचं काय आणि नुसतं भांडण काय. संध्याकाळी सहा ते नऊ मी मेसच्या डब्यांचं काम करतो. राहिले किती तास? मासिकवाल्याने निवडून दिलंय, मराठीत दिलंय, मी ते पण वाचू नको तर काय करू? तुम्हाला सांगायला काय जातंय, पेपर वाचा."

हे कोणी बोलत नाही. टॉपरच्या मुलाखतीत सगळे सांगतात रोज पेपर, पण पेपर वाचता यायला आधी किती गोष्टी माहिती असाव्या लागतात ते कोणी सांगत नाही. नवीन पोराने पहिल्या महिन्यात संपादकीय वाचून वही भरणं म्हणजे पोहता येत नसताना विहिरीची खोली मोजणं आहे. मी स्वतः पहिल्या वर्षी चार वह्या भरल्या, एकही परत उघडली नाही, त्यातली एक अजून खाटेखाली आहे, पाय डगमगतो तिथे.

पल्लवी तिथे त्याच्या बाजूने आली. ती म्हणाली मी पण मासिक वाचते पण उलटं. आधी पीवायक्यू, म्हणजे मागच्या वर्षांचे प्रश्न, काढते, मग एक बातमी घ्यायची आणि विचारायचं की याच्यामागे कायदा आहे का, संस्था आहे का, नकाशावर जागा आहे का. तिन्ही नसेल तर सोडून द्यायचं. तिने उदाहरण दिलं ते किल्ल्यांचं, मराठा लष्करी स्थापत्य, जुलै २०२५ मधे जागतिक वारसा यादीत. बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रात आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. सगळे पोरं बारा नावं रटतायत. ती म्हणे नावं दोनदा वाचा पण विचारतील ते वेगळंच, यातले बेटावरचे कोणते? खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. विजयदुर्ग किनारी प्रकारात धरलाय, तिथे लोक फसणार. आणि जिंजी का? तर राजाराम महाराज तिथे गेले आणि मोगलांचा वेढा कितीतरी वर्षं चालला, १६९८ ला पडला. आधुनिक भारत करताना आपण हा तुकडा सरळ वगळतो.

मग निख्याला काय सुचलं कोणास ठाऊक, तो सुध्याकडे वळून म्हणाला, "तू निफाडचा ना? मग सांग, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, कोणतं?"

सुध्या: "लोणार."

आम्ही सगळे एकदम ओरडलो. नांदूर मधमेश्वर! याच्या तालुक्यात! गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला बंधारा, हा पठ्ठ्या लहानपणी तिथे सायकलवर जायचा, रोहित पक्षी बघितलेत म्हणून आम्हाला फोटो दाखवतो, आणि रामसर विचारलं तर लोणार. लोणार दुसरं, २०२० चं, मग ठाण्याची खाडी २०२२.

"पेपरमधे आलं असेल तेव्हा मी अकरावी-बारावीला असेन," सुध्या पुटपुटला.

"साल सांग मग."

"२०२०."

"२०१९," निख्या म्हणाला, गठ्ठ्यावर हात ठेवून.

दहा मिनिटं याच्यावर गेली. शेवटी अण्णाने मोबाईलवर काढलं, दर्जाची तारीख जून २०१९ ची आणि जाहीर झालं जानेवारी २०२० मधे, म्हणजे दोघंही बरोबर आणि परीक्षेत दोघंही हरकत घेणार. सुध्याने हार न मानता घरी फोन लावला, स्पीकरवर.

"आबा, आपल्या बंधाऱ्याला तो दर्जा कधी मिळाला हो?"

"कसला रे?"

"रामसर. पक्ष्यांचा."

"पाखरांचं होय? त्यांना काय करायचंय दर्जा घेऊन. तू जेवलास का? आणि ऐक, उद्या दोन हजार पाठवतो, बाकीचे कांदा गेल्यावर."

सुध्याने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून जरा बाजूला गेला. परत आला तेव्हा कोणी काही विचारलं नाही, पल्लवीने त्याच्यासाठी अजून एक कटिंग सांगितला.

नंतर विषय भरकटला. मराठा आरक्षण, १०५ वी घटनादुरुस्ती, त्यावर आमच्यात ठरलंय की चहा असताना बोलायचं नाही. मग एमपीएससीची मुख्य आता वर्णनात्मक झालीय तर वन लायनर मासिकांचं काय होणार, अण्णा म्हणाला ते जाड होतील, दुसरं काय. तो म्हणाला मुलाखतीत मला विचारलं होतं तुमच्या जिल्ह्यातला एक प्रश्न सांगा आणि तुम्ही काय कराल, मी योजनांची नावं सांगत बसलो, साल आणि तरतुदीसकट, आणि समोरचे साहेब म्हणाले, ते आम्हाला माहिती आहे. एवढंच बोलून तो उठला, सोमवारी त्याला दहाला टेबलावर असावं लागतं.

पल्लवीची सकाळी सातला टेस्ट होती, ती पण गेली. निख्याने डिसेंबर २०२३ चा अंक वेगळा काढून सुध्याला दिला, सुध्याने घेतला, का ते मला माहिती नाही. बाकीचे परत सुतळीत बांधले. रद्दीवाल्याचं शटर एव्हाना पडलं होतं, पाऊस पण सुरू झाला, मग गठ्ठा परत दुसऱ्या मजल्यावर, एका बाजूने त्याने धरला, एका बाजूने मी.