शेंगाचटणीचा डाग

कादंबरी निवडणं सोपं. पहिली वीस पानं वाचायची; पुढं ओढत नेलं तर ठीक, नाहीतर खाली ठेवायची. कथासंग्रह मात्र सांगोल्याच्या डाळिंबासारखा. वरून लालभडक, आत काय ते फोडल्यावरच कळणार. त्यात प्रकाशक मंडळी हुशार. सगळ्यांत झकास कथा पहिली लावतात आणि तिचंच नाव पुस्तकाला देतात. मी तीनदा फसलोय. नवी पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या पहिली कथा वाचली, गहिवरलो, पैसे मोजले. घरी येऊन बघतो तर उरलेल्या अकरा कथांत एक तरुण खिडकीतून पाऊस बघतोय. सोलापुरात, मे महिन्यात, ४२ अंशांत हे वाचताना त्या तरुणाचा हेवा वाटतो, दुसरं काही नाही.

मग जाणत्यांना विचारलं. एक जण म्हणाले, "काजळमाया वाचा, १९७३चं साहित्य अकादमी पारितोषिक आहे." वाचलं. जी. ए. कुलकर्ण्यांच्या त्या कथांनी आठवडाभर झोपू दिलं नाही. भारावून सल्ला देणाऱ्या त्या गृहस्थांकडं गेलो, "तुम्हाला यातली कुठली कथा आवडली?" गृहस्थांना एकदम नळाला पाणी आल्याचं आठवलं. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं या सबबीला कुणी हरकत घेऊ शकत नाही.

शेवटी वाचनालय गाठलं. कथासंग्रह कूलरमागच्या कपाटात, म्हणजे वाचकापेक्षा पुस्तकंच गार. तिथं ‘माणदेशी माणसं’ हाती लागलं. पहिल्यांदा आलं १९४९ साली. त्याला कथा म्हणायचं की व्यक्तिचित्रं, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. ही प्रत मात्र पानोपानी तेलकट होती. नाकाशी धरली. लसूण! शेंगाचटणी!

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एका हातात कडक भाकरी असताना दुसऱ्या हातातलं पुस्तक ज्याला ठेववलं नाही, त्याच्याइतका प्रामाणिक समीक्षक कुठला? तेव्हापासून मी मलपृष्ठ वाचतच नाही, पानं उजेडाला धरतो. बायको म्हणते, "अहो, नोटा तपासताय का?"

या पद्धतीत खोट एकच. नवं पुस्तक कोरं असतं, पहिला डाग कुणीतरी पाडावा लागतो. आसाराम लोमट्यांचं ‘आलोक’, २०१६चं अकादमीवालं, असंच कोरं करकरीत मिळालं. जेवताना उघडलं. आमटी निवली, भाकरी वाळली, आणि चटणीची बोटं कधी पानावर गेली कळलंच नाही.

परत करताना काउंटरवरच्या पोरानं बरोबर तेच पान उघडलं.

"काका, हा डाग तुमचाच का ओ?"

"माझाच."

"दंड बसंल की."

"लाव बाबा."

पावतीबुक काढता काढता त्याची नजर डागाच्या खालच्या ओळीवर गेली. मग पुढच्या. त्यानं पान उलटलं. मागं रांग वाढत होती, कुणीतरी खाकरलं, पण पोरगं मान वर करीना.

पावती मला अजून मिळालेली नाही.