खुलासा : लिंडबर्ग आणि ‘न विसरणारा कान’

‘एकदा ऐकलेला आवाज कान विसरत नाही, अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने अडीच वर्षांनी नुसत्या आवाजावरून मुलाचा अपहरणकर्ता पकडून दिला’ हा मेसेज मीही परवा पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

एप्रिल 1932 मध्ये खंडणी दिली जाताना लिंडबर्गने दूर गाडीत बसून अपहरणकर्त्याचे दोनतीनच शब्द ऐकले होते. या प्रकरणात दोषी ठरलेला हाउप्टमन सापडला तो खंडणीत दिलेल्या नोटांमुळे. आवाजाची ओळख अटकेनंतरची. (तीही एकट्या संशयितालाच बोलायला लावून!)

याच खटल्यानंतर फ्रान्सिस मॅकगेही या संशोधिकेने 1937 मध्ये आवाज ओळखण्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी आवाज दुसऱ्या दिवशी 83 टक्के लोकांनी बरोबर ओळखला, पाच महिन्यांनी अवघ्या 13 टक्के.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासा द्या.