१४-६८ चा जीर्णोद्धार

परवा मेव्हण्याने जेवता जेवता वाक्य टाकलं, "दाजी, काही म्हणा, वीव्हर शेवटी बरोबरच निघाला की नाही?" माझ्या हातातला घास हातातच राहिला. बायकोने टेबलाखालून पाय दाबला म्हणून तिथे गिळून गप्प बसलो. इथे पाय दाबायला कोणी नाही.

आमचा मेव्हणा डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाच्या उपनगरात राहतो आणि आरतीही ट्रॉयचीच करतो. ट्रॉय वीव्हर म्हणजे डेट्रॉइट पिस्टन्स या एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, टीमचे माजी जनरल मॅनेजर. खेळाडू निवडणं, आणणं, देऊन टाकणं हे त्यांचं काम. २०२० साली आले. 'रीबिल्ड' हा शब्द त्यांना आवडायचा नाही, ते 'रिस्टोअर' म्हणायचे. म्हणजे आपल्याकडचा जीर्णोद्धार. आता जीर्णोद्धाराचा अनुभव कोणाला नाही? दरवर्षी कमिटीची माणसं पावतीपुस्तक घेऊन दारात, दरवर्षी "काम जोरात चालू आहे हो", आणि देवळात जाऊन बघावं तर बांबूच्या परांचीवर कबुतरं.

पावत्या मीही फाडल्या. त्यांच्या हातातले चार सीझन असे गेले: २०-५२, २३-५९, १७-६५, १४-६८. पहिला आकडा जिंकलेल्या मॅचेसचा, दुसरा हरलेल्या. हे मुद्दाम सांगावं लागतंय यातच काय ते समजा. एकूण ३१८ मॅचेस, त्यातल्या ७४ जिंकल्या आणि २४४ हरल्या. आणि हा आलेख चढता नाही, उतरता आहे. चौथ्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा वाईट खेळायला वेगळी प्रतिभा लागते.

त्या चौथ्या वर्षाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलणार. २०२३च्या ऑक्टोबरात पहिल्या तीनपैकी दोन मॅचेस जिंकल्या आणि मग सलग २८ हरले. अठ्ठावीस! दिवाळीच्या आधी हरायला लागले, आम्ही आकाशकंदील लावला, उतरवला, माळ्यावर टाकला, नाताळ उलटला, तरी हरतच होते. २६ डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्धच्या मॅचला मी पोराला घेऊन गेलो होतो. नोव्हायहून आय-९६ने पाऊण तास, पार्किंगचा भुर्दंड वेगळा. आमच्या केड कनिंगहॅमने एकट्याने ४१ पॉइंट्स केले आणि तरी हरलो. सलग सत्ताविसावी. एकाच सीझनमध्ये इतकं सलग कोणीच हरलं नव्हतं, म्हणजे विक्रमाचे साक्षीदार झालो. सगळं स्टेडियम 'सेल द टीम' ओरडत होतं. पोराने विचारलं, "बाबा, कोणाला विकायची?" मी म्हटलं, घेणारा मिळाला तर सांगतो.

आणि आता हा म्हणतो बरोबर निघाला!

त्याचा युक्तिवाद ऐका. २०२४-२५ला टीमने ४४ मॅचेस जिंकल्या, प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला गेली. त्यात खेळले कोण? केड, जेलन ड्युरेन, आयझेया स्ट्युअर्ट, ऑसार थॉम्पसन. कोणी निवडले? वीव्हरने. "बी पेरलं त्यानं, दाजी. पीक दुसऱ्यानं नेलं." हे वाक्य त्याने कुठूनतरी पाठ केलंय, कारण शेतात तो आयुष्यात गेलेला नाही. हिवाळ्यात एकदा बारामतीला काकांकडे हुरडा खायला जायचा, तेवढाच.

ठीक आहे, जे चांगलं केलं ते मान्य करू. ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षी टीम्स नंबराने नवी पोरं निवडतात त्यात, स्ट्युअर्ट सोळाव्या नंबरवर मिळाला, ड्युरेन तेराव्या. ड्युरेनसाठी तर जेरमी ग्रँटला पोर्टलंडला देऊन जो पिक, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीचा हक्क, मिळवला होता तो फिरवला, व्यवहार चोख होता. त्या माणसाला पोरं ओळखायची नजर होती, नाही म्हणत नाही. पण केडचं श्रेय? २०२१ला लॉटरीत, म्हणजे हरणाऱ्या टीम्सपैकी आधी कोणी निवडायचं याच्या सोडतीत, पहिला नंबर लागला आणि त्या वर्षी पहिल्या नंबरला केडचंच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. त्या संध्याकाळी वीव्हरऐवजी माझ्या सासूबाईंना, म्हणजे या मेव्हण्याच्याच मातोश्रींना पाठवलं असतं, तरी त्यांनी चष्मा पुसून केडच निवडला असता.

उलट २०२०ला सातव्या नंबरवर किलियन हेज घेतला आणि टायरिस हॅलिबर्टन बाराव्या नंबरपर्यंत तसाच बसून होता. तोच हॅलिबर्टन २०२५ला इंडियानाला फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत घेऊन गेला. पण खरं सांगू? यावरून मी चिडत नाही. हॅलिबर्टनच्या आधी अकरा पोरांची नावं पुकारली गेली, चूक एकट्या डेट्रॉइटची नाही. एकोणीस वर्षांच्या पोराचं भविष्य सांगणं म्हणजे पत्रिका बघण्यासारखंच आहे, कधी जुळतं, कधी नाही. माझी चिडचिड आहे ती जे हातात होतं त्याची.

उदाहरणार्थ सेंटर्स. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा धिप्पाड गडी. एका वेळी एक लागतो, फार तर दोन. आपल्याकडे स्ट्युअर्ट होता. २०२२च्या फेब्रुवारीत मार्विन बॅगली आणला. उन्हाळ्यात ड्युरेन आला. बरं, मग आता बॅगलीची गरज काय? तर त्याच उन्हाळ्यात बॅगलीला तीन वर्षांचे ३ कोटी ७० लाख डॉलर. आणि २०२३च्या फेब्रुवारीत अजून एक सेंटर, जेम्स वाइजमन. त्याच्या बदल्यात सद्दिक बे देऊन टाकला, जो निदान बाहेरून बॉल टाकू शकत होता. घरात भाजी काय आहे न बघता माणूस मंडईत जातो आणि चारही वेळा वांगीच घेऊन येतो, तसला प्रकार. त्यातली दोन तर दुसऱ्याने टोपलीतून काढून टाकलेली. बॅगली आणि वाइजमन, दोघंही आपापल्या वर्षी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरला निवडलेले आणि आधीच्या टीम्सनी हात टेकलेले. इथल्या कमिटीला वाटलं, आपल्याकडे आल्यावर उजळतील.

यात नुसते पैसे वाया गेले असते तर मालक बघून घेईल म्हटलं असतं. पण खेळ वाया गेला. केडची सगळी ताकद बॉल घेऊन आत घुसण्यात. आत घुसायला वाट लागते. वाट कधी मिळते? बाहेर चार जण तीन पॉइंटरच्या रेषेवर असे उभे असले पाहिजेत की त्यांना मोकळं सोडायची समोरच्याची छाती होऊ नये. आपल्याकडे बाहेर मारणारे बोटांवर मोजण्याइतके आणि आत गर्दी लक्ष्मी रोडच्या शनिवारसारखी. पोरगं बिचारं घुसायचं कुठे? तीन वर्षं त्याची उमेद त्या गर्दीत चेंगरली.

आणि बॅगलीचा शेवट ऐका. २०२४च्या जानेवारीत त्याला वॉशिंग्टनला पाठवला. एकटा कोणी घेईना म्हणून सोबत आयझेया लिव्हर्स आणि वर सेकंड राउंडचे दोन पिक्स दिले. आधी पैसे देऊन वांगी घेतली, मग पैसे देऊन उचलायला माणूस बोलावला. बदल्यात जे दोन म्हातारे खेळाडू आले, त्यांच्यातला एकही सीझन संपेपर्यंत इथे टिकला नाही.

मालकांचाही यात वाटा आहे. टॉम गोर्स यांच्याकडे २०११पासून टीम आहे. १७-६५च्या वर्षानंतर त्यांना काय सुचलं, तर कोच माँटी विल्यम्स, सहा वर्षांचे ७ कोटी ८५ लाख डॉलर. तोवर एनबीएत कुठल्याच कोचला एवढा करार मिळाला नव्हता. पाया ओला, भिंतीला गिलावा नाही, आणि दिवाणखान्यात झुंबर. त्या कोचने पहिल्याच सीझनला २०२२ला निवडलेल्या जेडन आयव्हीला बेंचवर बसवून किलियन हेजला सुरुवातीपासून खेळवलं. फेब्रुवारीत हेजला टीमनेच सोडून दिलं. जूनमध्ये कोचलाही घरी पाठवलं, उरलेल्या पाच वर्षांच्या पैशांसकट. असलं रिटायरमेंट पॅकेज आमच्या कंपनीत एचआरला दाखवलं तर ती मंडळी चक्कर येऊन पडतील.

"पण दाजी, लॉटरीत नशीबच नव्हतं." हेही ऐकलं. नशीब! २०१९पासून नियम असा होता की तळातल्या तिन्ही टीम्सना पहिल्या नंबरची शक्यता सारखीच, १४ टक्के. आणि अगदी शेवटचा नंबर आला तर पाचव्या पिकवर घसरायची शक्यता जवळजवळ ४८ टक्के. निम्म्याला निम्मी. २०२२ला पाचवा, २०२३ला पाचवा, २०२४ला पाचवा. २०२३ला सगळ्यात तळाला राहून वेम्बन्यामा, त्या वर्षीचा सगळ्यांना हवा असलेला पोरगा, हुकला याचं वाईट मलाही वाटलं, रात्री झोप लागली नाही. पण नाणं उडवलं आणि काटा पडला याला दुर्दैव म्हणत नाहीत. तळाला लोळून काही मिळत नाही हे नियमातच लिहिलेलं असताना ज्यांची योजनाच लोळण्याची, त्यांची कुंडली कशाला बघायची?

त्यातून वीव्हर आले कुठून, तर ओक्लाहोमा सिटीतून, तिथले जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढून. ओक्लाहोमाही तेव्हाच तळाला होती, २२-५०, २४-५८. पण प्रेस्टींनी २०१९ला पॉल जॉर्ज देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर आणि वर पहिल्या राउंडचे पाच पिक्स मिळवले होते. त्यातल्याच एका पिकवर पुढे जेलन विल्यम्स आला. हरत होते तेव्हाही प्रत्येक व्यवहारात तिजोरीत काहीतरी पडत होतं. २०२४-२५ला त्यांचा रेकॉर्ड ६८-१४ आणि वर चॅम्पियनशिप. ६८-१४! आदल्या वर्षीचा आमचा आकडा त्यांनी आरशात धरला. गुरुकुल तेच, आमच्या वाट्याला आलेला शिष्य बहुतेक त्या तासाला गैरहजर होता.

बरं, मेव्हण्याच्या बी-पेरणीचं उत्तर त्याच्याच उदाहरणात आहे. २०२४च्या उन्हाळ्यात वीव्हरच्या जागी ट्रॅजन लँगडन आले. त्यांनी काय जादू केली? काही नाही. मंडईत जाताना आधी घरात काय आहे ते बघितलं. टिम हार्डवे ज्युनियर घेतला तर सोबत डॅलसकडून सेकंड राउंडचे तीन पिक्सही घेतले. आदल्या जानेवारीत आपण दोन देत होतो, आता तीन घेतोय, एवढा फरक. मलिक बीझली एका वर्षासाठी ६० लाख डॉलरांत आणला, त्याने सीझनभरात ३१९ थ्री, म्हणजे रेषेबाहेरून तीन-तीन पॉइंट्सचे बास्केट, मारले, पिस्टन्सच्या इतिहासात एका सीझनला इतके कोणी मारले नव्हते. टोबायस हॅरिस आणला, कोच म्हणून जे. बी. बिकरस्टाफ. केड तोच, ड्युरेन तोच, स्ट्युअर्ट तोच, ऑसार तोच. १४चे ४४ झाले. ८२ मॅचेसच्या सीझनमध्ये एका वर्षात विजय तिपटीच्या वर नेणारी एनबीएतली ही पहिली टीम.

म्हणजे पोरं आधीही चांगलीच होती, त्यांना खेळता येईल असं घर नव्हतं. हे 'वीव्हर बरोबर होता'चा पुरावा कसं होतं, मला कोणी समजावून सांगा. चार वर्षं चांगला तांदूळ घरात होता आणि तुम्ही रोज भात करपवलात, मग दुसरी आचारीण आली, तर शाबासकी तांदूळ आणणाऱ्याला?

लँगडन देव नाहीत. हार्डवेच्या बदल्यात जो क्वेन्टिन ग्राइम्स दिला, तो पुढे फिलाडेल्फियात जाऊन चांगला पेटला. त्याचा हिशोबही मी ठेवलाय, वहीत आहे. पण न्यूयॉर्कमध्ये जाऊन प्लेऑफची मॅच जिंकली त्या रात्रीचं काय सांगू. २००८ नंतर पहिला प्लेऑफ विजय. मधे प्लेऑफमध्ये सलग १५ पराभव. २००८ला मी या देशात नवा होतो, पोराचा जन्म नव्हता झाला. पुढे सहाव्या मॅचला न्यूयॉर्कच्या ब्रन्सनने शेवटच्या क्षणी थ्री मारून आम्हाला घरी बसवलं, आणि तरी पहिल्यांदाच मी हरलेल्या मॅचनंतर टीव्हीवर रिमोट फेकला नाही. सोफ्यावर फेकला.

मेव्हण्याला हे सगळं तोंडावर सांगितलं तर तो हसून म्हणतो, "दाजी, पेशन्स नाही तुमच्यात." पेशन्स! २४४ पराभव बघितलेत रे. त्यातले निम्मे तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला प्लँटवर मीटिंग असताना.

रविवारी परत येतोय जेवायला. बास्केटबॉलचा विषय काढायचा नाही अशी बायकोची सक्त ताकीद आहे. भाजी मात्र मी ठरवणार, आणि चारही भांड्यांत वांगीच करणार.