लंडनमध्ये कंपनी काढू इच्छिणाऱ्या सभ्य गृहस्थांस

सर्वप्रथम आपले सांत्वन करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. १२ पौंड भरून, घरबसल्या आणि कोणालाही तोंड न दाखवता ब्रिटनमध्ये मर्यादित दायित्वाची कंपनी काढता येत असे, तो काळ आता सरला आहे. २०२३ च्या आर्थिक गुन्हे व कॉर्पोरेट पारदर्शकता कायद्याने कंपनीज हाउस या नोंदणी कचेरीला भलताच अधिकार देऊन ठेवला असून, अर्जात लिहिलेले खरे आहे काय, असे ही कचेरी ४ मार्च २०२४ पासून विचारू शकते. १८४४ साली ब्रिटिश संसदेने कंपन्यांचा निबंधक नेमला, तेव्हापासून सुमारे १८० वर्षे असा अशिष्ट प्रश्न तेथे कोणी कोणाला केला नव्हता. रकाने नीट भरलेले आहेत एवढे पाहून कागद दप्तरी दाखल व्हावा आणि त्याच दप्तराच्या भरवशावर जगभरच्या बँकांनी आपल्यापुढे खाती उघडण्याचे अर्ज ठेवावेत, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेची थोरवी कळावी म्हणून त्या दप्तरातील काही नोंदी आपण जाणून घ्याव्यात. एका कंपनीच्या संचालकाचे नाव इटालियन भाषेत ‘कोंबडीचोर’ असे होते, त्याचा पत्ता चाळीस चोरांच्या गल्लीतला होता आणि व्यवसायाच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे ‘ठग’ असे लिहिले होते. इतका सत्यवचनी संचालक आम्हांला तरी दुसरा ठाऊक नाही. ग्लोबल विटनेस या संस्थेने २०१८ साली नोंदी चाळल्या, तेव्हा कंपन्यांच्या खऱ्या मालकांमध्ये दोन वर्षांखालील चार हजारांवर बालके आढळली. त्यांपैकी एकाचा तर अद्याप जन्मच व्हायचा होता. गर्भातच चक्रव्यूहाचा भेद शिकलेल्या अभिमन्यूचे कौतुक आपण ऐकतो, परंतु गर्भात राहून कंपनी चालवणाऱ्या या बालकाचे कौतुक करायला कोणीही पुढे आले नाही.

खोटी माहिती दाखल करणे तेव्हाही गुन्हाच होता, आणि त्या गुन्ह्याचा पहिला मान कोणाला मिळाला हे आपण विशेष ध्यानात ठेवावे. २०१३ मध्ये एका व्यावसायिकाने, ही पद्धत किती पोकळ आहे हे दाखवण्यासाठी, तत्कालीन व्यापारमंत्री व्हिन्स केबल यांनाच त्यांच्या नकळत एका कंपनीचे संचालक करून टाकले आणि तसे मंत्रिमहोदयांना पत्राने कळवलेही. २०१८ मध्ये त्याच्यावर खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला आणि दंड व खर्च मिळून त्याला १२,००० पौंडांहून अधिक रक्कम भरावी लागली. सरकारने या पहिल्यावहिल्या शिक्षेची जाहिरात मोठ्या अभिमानाने केली. तात्पर्य, खोटे लिहायचे असल्यास लिहावे, पण ते अधिकाऱ्यांना कळवण्याचा उद्धटपणा करू नये.

आता नव्या नियमांविषयी. नोंदणीकृत पत्ता म्हणून टपालपेटीचा क्रमांक यापुढे चालत नाही. पत्राची पोच मिळेल असा ‘योग्य’ पत्ता द्यावा लागतो. म्हणून एकदम हताश होऊ नये. लंडनमध्ये कित्येक कंपन्यांसाठी एकच दार, एकच पत्रपेटी आणि पत्रे उघडून पुढे पाठवणारा एकच इसम पुरवणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांचा पत्ता योग्यच ठरतो. उगाच दुसऱ्याच्या घराचा पत्ता मात्र देऊ नये. कार्डिफमधील एका सद्गृहस्थाच्या फ्लॅटच्या पत्त्यावर सुमारे ११,००० परदेशी कंपन्यांनी व्हॅटची नोंदणी केली होती. कर खात्याची पत्रे उघडता उघडता त्या बिचाऱ्याची काय अवस्था झाली असेल याचा विचार करावा. कंपनीज हाउसची मुख्य कचेरी त्याच गावात आहे, हा केवळ योगायोग समजावा.

त्यानंतर अर्जात आपल्याला असे निवेदन करावे लागेल की, ही कंपनी कायदेशीर हेतूनेच स्थापन होत आहे. आणि पुढे दरवर्षी, कंपनीचे पुढील व्यवहारही कायदेशीरच राहतील, अशी ग्वाही द्यावी लागेल. या कलमामागील प्रज्ञा वादातीत आहे. काळा पैसा फिरवण्याच्या उद्देशाने बसलेला मनुष्य त्या चौकोनापाशी येईल, त्याचे बोट थरथरेल, डोळ्यांपुढे आईचा चेहरा उभा राहील आणि तो संगणक बंद करून प्रायश्चित्त घ्यायला निघून जाईल, अशी कायदेमंडळाची अपेक्षा असावी. आपण मात्र तेथे खूण करावी आणि पुढच्या पानावर जावे.

खरी अडचण १८ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाली. त्या दिवसापासून नव्या संचालकांना आणि कंपनीवर लक्षणीय नियंत्रण असणाऱ्यांना आपली ओळख पटवून द्यावी लागते. आधीपासून पदावर असणाऱ्यांना त्यासाठी वर्षभराचा अवधी दिलेला आहे. पासपोर्टचे छायाचित्र आणि आपल्या चेहऱ्याचे छायाचित्र एवढ्यावर हे काम सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि ११ अक्षरांचा वैयक्तिक संकेतांक मिळतो. ज्यांना सरकारसमोर चेहरा धरणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी अधिकृत मध्यस्थ म्हणून नोंदलेले हिशेबनीस, वकील आणि कंपन्या काढून देणारे दलाल आहेत. ते शुल्क घेऊन आपली ओळख पटल्याचे कचेरीला कळवतात. यांपैकी काही व्यवसायांनी यापूर्वीच्या व्यवस्थेतही मनोभावे सेवा केलेली असल्यामुळे त्यांच्या अनुभवाविषयी शंका नसावी. पुण्यामुंबईत कंपनी चालवणाऱ्या वाचकाला या साऱ्या आक्रोशाचे हसू येईल, कारण संचालक ओळख क्रमांक, डिजिटल सही, पॅन आणि केवायसी यांच्या फेऱ्यांतून तो कित्येक वर्षे जात आला आहे. परंतु आपण ज्यांच्याकडून कंपनी कायदा उसना घेतला, त्यांना संचालकाचा पासपोर्ट मागण्याची कल्पना २०२५ मध्ये सुचली, तर उशिरा का होईना सुचली असे म्हणून त्यांचे अभिनंदन करणे हेच शोभते.

शिवाय ओळख पटली म्हणजे काय झाले, याचा शांतपणे विचार करावा. पासपोर्टवरील मनुष्य आणि कॅमेऱ्यासमोरील मनुष्य एकच आहे, एवढेच सिद्ध झाले. तो मनुष्य आपल्या बुद्धीने कंपनी चालवतो की महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन सांगाल तेथे सही करतो, हे कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. खेरीज मालक म्हणून नाव जाहीर करण्याचे बंधन साधारणपणे २५ टक्क्यांहून अधिक भाग किंवा मताधिकार असणाऱ्यांना आहे. ‘हून अधिक’ हे शब्द आपण देवघरात फ्रेम करून लावावेत. चार भावांनी बरोबर २५ टक्के घेतले, तर २५ हून अधिक कोणाकडेच उरत नाही, आणि ‘आमच्या कंपनीवर लक्षणीय नियंत्रण असलेली व्यक्ती नाही’ अशी नोंद करण्याची सोय आहे. भावांचे आपसांत संगनमत असेल तर नियम वेगळा आहे, हे खरे; पण भावांनी एकमत असल्याचे स्वतःहून सांगावे, असा प्रसंग कोणत्याही कुटुंबात क्वचितच येतो. भारतात हाच उंबरठा १० टक्क्यांचा असल्यामुळे तेथे दहा भाऊ असूनही भागत नाही.

नोंदणीचे शुल्क वाढले, म्हणून कुरकुर करू नये. १२ पौंडांचे मे २०२४ मध्ये ५० झाले आणि फेब्रुवारी २०२६ पासून १०० झाले आहेत. कोट्यवधींचा व्यवहार लपवू पाहणारा गृहस्थ ८८ पौंडांच्या फरकाने खचून जाईल, ही समजूत हृद्य आहे. त्याच वेळी कंपनी ऑनलाइन गुंडाळण्याचे शुल्क मात्र ३३ वरून १३ पौंडांवर आणले गेले, ही गोष्ट घाईत असणाऱ्यांनी टिपून ठेवावी.

१ सप्टेंबर २०२५ पासून आणखी एक गुन्हा अस्तित्वात आला आहे: कंपनीच्या फायद्यासाठी कर्मचाऱ्याने वा दलालाने फसवणूक केली आणि ती रोखण्याची वाजवी तजवीज कंपनीने केलेली नसेल, तर कंपनी दोषी ठरेल. हा नियम फक्त मोठ्यांना लागू आहे. २५० हून अधिक कर्मचारी, ३.६ कोटी पौंडांहून अधिक उलाढाल आणि १.८ कोटींहून अधिक मालमत्ता या तिन्हींपैकी दोन निकष पूर्ण करणारे ते मोठे. आपण मोठे असाल, तर जाड पुठ्ठ्याचे एक धोरणपत्र आणि सर्वांना सक्तीने पाहायला लावलेली एक चित्रफीत, एवढी तजवीज तूर्त करावी; ती वाजवी होती की नाही, हे न्यायालय सवडीने ठरवील.

एवढे करूनही जीव गुदमरत असेल, तर नकाशावर थोडे पश्चिमेकडे पाहावे. कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर ब्रिटनचा राजा आहे, ब्रिटनचा ध्वज आहे, मात्र ब्रिटनची घाई नाही. अशा ब्रिटनच्या सागरपारच्या प्रदेशांनी कंपन्यांच्या मालकांच्या नोंदी जनतेला खुल्या कराव्यात, अशी तरतूद संसदेने २०१८ मध्येच केली. त्यासाठी आधी २०२० ची आणि नंतर २०२३ ची अखेर ठरली, आणि त्या तारखा आल्या तशा गेल्या. त्यानंतर तेथे ‘उचित स्वारस्य’ असणाऱ्यालाच नोंद दाखवावी, असे तत्त्व निघाले आहे. म्हणजे आपल्या कंपनीचा मालक कोण, असे कोणी विचारू लागला, तर त्याने आधी स्वतः कोण आहोत, हे कशासाठी हवे आहे आणि त्या माहितीचे काय करणार, हे कागदोपत्री पटवून द्यायचे. आपण तोवर निवांत असावे. ओळख पटवण्याची पाळी शेवटी त्याच्यावर आली आहे.