‘48 मेगापिक्सेल, 16 पट झूम’: स्वस्त कॅमेऱ्यावरील एका संदेशाचा प्रतिवाद

शाळांच्या सहलींचा हंगाम जवळ आला की शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘स्वस्त डिजिटल कॅमेरा घेताना फसू नका’ असा मथळा असलेला एक लांबलचक संदेश हमखास फिरू लागतो. तो म्हणतो: मेगापिक्सेल जितके जास्त तितके चित्र स्वच्छ, म्हणून नामांकित कंपनीच्या 20 मेगापिक्सेलपेक्षा ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळणारा 48 मेगापिक्सेलचा कॅमेरा सरस. त्यात 16 पट झूम आणि 4के व्हिडिओही मिळतो. कंपन्या केवळ नावाचे पैसे घेतात. जुनाच घ्यायचा तर सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) डोळे झाकून घ्यावा, कारण रंग त्यातच खरे येतात. आणि हातात फोन असेल तर यातले काहीच घेऊ नये, असे त्याचे सार आहे. परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत स्नेहसंमेलनापासून शालेय पोषण आहाराच्या नोंदींपर्यंतचे फोटो काढण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे असल्यामुळे हा संदेश माझ्याकडे ‘सर, हे खरे का?’ या प्रश्नासह वारंवार येतो. त्यातले काही खरे आहे, बरेचसे खोटे आहे, आणि जे खोटे आहे त्यानेच खिसा रिकामा होतो.

पहिला दावा मेगापिक्सेलचा. मेगापिक्सेल म्हणजे चित्रातील ठिपक्यांची दशलक्षांत मोजलेली संख्या. स्टुडिओत आपण 6 × 4 इंचांचा फोटो छापून घेतो, त्याला इंचाला 300 ठिपके या हिशेबाने 1800 × 1200, म्हणजे 21.6 लाख ठिपके पुरतात. पूर्ण ए-4 कागदावर तितक्याच बारकाईने छापायचे म्हटले तरी 87 लाख ठिपके लागतात. म्हणजे 20 मेगापिक्सेलचा साधा कॅमेरासुद्धा शाळेच्या फलकासाठी दुपटीहून अधिक ठिपके देतो, आणि त्यापुढचा आकडा वापरायला आपल्याकडे कागदच नसतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे ठिपके ज्या पृष्ठभागावर बसवायचे, तो सेन्सर किती लहान असतो हे संदेश सांगत नाही. कमी किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ‘1/2.3 इंच’ नावाचा सेन्सर असतो. या नावावरून त्याचे माप कळत नाही, कारण ती जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलेली मोजणी आहे. प्रत्यक्षात तो सुमारे 6.2 × 4.6 मिलिमीटर, तुरीच्या दाण्याहून थोडासाच मोठा असतो. त्यावर 20 मेगापिक्सेल बसवले की एकेका ठिपक्याचे घर जेमतेम 1.2 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होते. आता भिंगाकडे पाहा. कॅननच्या आयक्सस 185 या 2017 सालच्या कॅमेऱ्यात झूम पूर्ण ताणला की भिंगाचे छिद्र एफ/6.9 इतके बारीक होते, आणि एवढ्या छिद्रातून येणारा प्रकाश विवर्तनामुळे पसरून एका बिंदूची सुमारे 9 मायक्रॉनची चकती करतो. चकती 9 ची आणि घर 1.2 चे, अशा ठिकाणी ठिपके 20 दशलक्ष असोत की 48 दशलक्ष, बारकावा वाढणार नाही. वाढेल ती फक्त फाइल. फोनवाल्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणूनच 50 मेगापिक्सेलचे बहुतेक फोन चार-चार ठिपके एकत्र करून मुळात 12.5 मेगापिक्सेलचाच फोटो देतात.

मग चार-पाच हजारांच्या कॅमेऱ्यात 48 येतात कोठून? दुधात पाणी घालून लिटर वाढवावे तसे ते वाढवलेले असतात. आतला सेन्सर त्याहून कितीतरी कमी ठिपक्यांचा असतो, आणि मधल्या जागा कॅमेरा शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. काही विक्रेते वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘इंटरपोलेशन’ हा शब्द लिहून मोकळेही होतात. संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी तो शब्द वाचला असेल, याची मला शंका आहे.

झूमच्या बाबतीत फसवणूक याहून उघड आहे, कारण अशा कॅमेऱ्यातला 16 पट झूम डिजिटल असतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे सरकतात आणि दूरची वस्तू सेन्सरवर खरोखर मोठी पडते. डिजिटल झूममध्ये काढलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणला जातो. 16 पट डिजिटल झूम म्हणजे रुंदीचा सोळावा आणि उंचीचा सोळावा भाग, म्हणजेच मूळ चित्राचा 256 वा हिस्सा. संदेशातले 48 मेगापिक्सेल खरे मानले तरी हाती उरतात ते 1 लाख 87 हजार ठिपके, आणि वर सांगितलेल्या 6 × 4 च्या फोटोला लागणाऱ्या ठिपक्यांच्या अकराव्या हिश्शाइतकेही ते भरत नाहीत. पैठणला नाथसागराच्या काठावर उभे राहून पाण्यातले रोहित पक्षी टिपू पाहणाऱ्या मुलाला अशा झूममधून पांढरे-गुलाबी डाग मिळतील. पक्ष्याची वाकडी चोच दिसणार नाही. खरा झूम ओळखण्याची ढोबळ खूण अशी, की कॅमेरा चालू करताच भिंगाची नळी बाहेर येते आणि झूमचे बटण दाबले की पुढे-मागे होते. पाण्यात चालणारे काही कॅमेरे झूम पोटातच ठेवतात, तेवढा अपवाद.

पटीचा आकडाही एकटा वाचू नये. सोनीच्या डब्ल्यू 800 चा झूम 5 पट, म्हणजे 26 ते 130 मिलिमीटर आहे (हे जुन्या 35 मिमी फिल्मच्या हिशेबातले भिंगाचे नाभीय अंतर). आयक्सस 185 चा 8 पट, म्हणजे 28 ते 224. आयक्सस 285 एचएसचा 12 पट, म्हणजे 25 ते 300. डावीकडचा आकडा जितका लहान, तितके जास्त दृश्य चौकटीत मावते. पाठ भिंतीला टेकवूनही चाळीस मुलांचा वर्ग एका फोटोत बसवताना 28 आणि 25 मधला फरक चांगलाच जाणवतो. उजवा आकडा वेरूळच्या कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावरून समोरच्या शिखराचे कोरीवकाम टिपताना कामाला येतो.

या आकड्यांपेक्षाही मी ज्याला अधिक मान देतो, त्या गोष्टीचा संदेशात उल्लेखच नाही: ऑप्टिकल स्थिरीकरण. आयक्सस 185 आणि 190 ही एकाच वर्षीची भावंडे असून दोघांतही 20 मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर आहे, पण हाताचा कंप भिंगात शोषून घेण्याची सोय फक्त 190 मध्ये आहे. 224 मिलिमीटरवर हातात धरून फोटो काढायचा तर शटर साधारण 1/250 सेकंदाहून वेगवान हवे. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या दुपारी ते सहज 1/500 वर जाते, त्यामुळे दोन्ही कॅमेरे सारखेच वाटतात. दिवस कलला, ढग आले किंवा शाळेच्या पडवीत उभे राहावे लागले, की 185 चे फोटो हलू लागतात. वैशिष्ट्यांच्या यादीत नुसते ‘डिजिटल’ स्थिरीकरण लिहिलेले असेल, तर फोटोसाठी त्याचा फारसा आधार मानू नये.

4के व्हिडिओविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वाढवलेले ठिपके चित्रफितीतही वाढवलेलेच असतात. मात्र डब्ल्यू 800 किंवा आयक्सस 185 वर व्हिडिओ फक्त 1280 × 720 चा मिळतो, तेव्हा मुख्यतः व्हिडिओच काढायचा असेल तर साधा फोन बरा, हे संदेशातले म्हणणे मला मान्य आहे.

‘कंपनी नावाचे पैसे घेते’ या वाक्यातही अर्धे सत्य आहे. आज ‘कोडॅक पिक्सप्रो’ नावाने विकले जाणारे कॅमेरे जेके इमेजिंग ही कंपनी कोडॅकचे नाव परवान्यावर घेऊन बाजारात आणते. जुनी कोडॅक ती नव्हे. पण त्यांच्या एफझेड 45 मध्ये 27 ते 108 मिलिमीटरचा खरा 4 पट झूम आहे आणि तो दोन एए सेलवर चालतो. जिथे वीज दिवसाकाठी कितीदा जाईल याचा नेम नसतो, तिथे किराणा दुकानातला सेल चालणे ही लहान सोय नव्हे. असे सेल लवकर उतरतात, म्हणून चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा एक जोड सोबत ठेवावा.

जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांचे वेड सध्या तरुणांत आहे, आणि संदेशाने त्याला शास्त्राचा साज चढवला आहे. सीसीडीचा शोध 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी लावला व 2009 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे खरे. परंतु फोटोतला रंग मुख्यतः सेन्सरवरची रंगीत गाळणी आणि कॅमेऱ्यातली प्रक्रिया ठरवते. सूर्य किंवा हॅलोजनचा दिवा चौकटीत आला की चित्रात उभा जांभळट पट्टा उमटणे, हा मात्र सीसीडीचा खास दोष आहे. राहिले ‘डोळे झाकून’ घेणे. मी एकदा तसाच एक जुना कॅमेरा घेतला आणि माळेगावच्या यात्रेतल्या धुरळ्यात दुसऱ्याच दिवशी त्याची नळी अर्ध्यात अडकली. काळ्या मातीची बारीक धूळ अशा नळ्यांची वैरी आहे. शिवाय फार जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागते, ते आता शोधत फिरावे लागते. आणि एसडी कार्ड लागत असले तरी 2006 मध्ये एसडीएचसी येण्यापूर्वीचे कॅमेरे 2 जीबीच्या वरचे कार्ड सहसा ओळखत नाहीत.

शेवटचा दावा फोनचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मध्यम किमतीच्या फोनमधला मुख्य सेन्सर आता 1/2.3 इंचाहून मोठा असतो, आणि अंधारात फोन अनेक चित्रे एकत्र करून एक स्वच्छ चित्र घडवतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. तिथल्या मंद उजेडात स्वस्त कॅमेरा फोनपुढे टिकत नाही. ई-पीक पाहणीसाठी शेतातला फोटो अ‍ॅपमधूनच, अक्षांश-रेखांशांसह द्यावा लागतो, तिथेही कॅमेऱ्याचा उपयोग शून्य. तरीही खऱ्या झूमचे स्वतंत्र भिंग स्वस्त फोनमध्ये नसते, आणि त्याचा एलईडी दिवा कॅमेऱ्याच्या झेनॉन फ्लॅशची बरोबरी करू शकत नाही. त्या फ्लॅशची झेप मात्र तीन मीटरच्या आसपास असते, म्हणून स्नेहसंमेलनात विसाव्या रांगेतून तो उडवणाऱ्या पालकांच्या फोटोत पुढच्यांची डोकीच उजळतात. शिवाय सहावीच्या मुलीच्या हाती सहलीत माझा फोन देणे म्हणजे बँकेचे खाते देणे; कॅमेरा दिला तर ती दिवसभर निर्धास्त फोटो काढते.

ज्यांना या कारणांसाठी कॅमेरा हवा आहे, त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत जावे किंवा लातूरच्या गंजगोलाईत, पण स्वतःचे कार्ड सोबत न्यावे. नळी दहा वेळा आत-बाहेर करून पाहावी, दुकानाच्या दारातून झूम पूर्ण ताणून दूरच्या पाटीचा फोटो घ्यावा, बॅटरी बाहेर काढून ती फुगलेली नाही ना हे पाहावे, आणि ते कार्ड घरी मोठ्या पडद्यावर उघडून पाटीवरची लहान अक्षरे वाचता आली, तरच दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन परत जावे.